पहिल्याची सर दुसऱ्याला येते का? ॲनिमेशनपटांचे पुढचे भाग मुलांना दाखवण्याआधी

मे महिन्याची सुट्टी लागली की माझ्याकडे भाचरांचा मुक्काम असतो. दुपारच्या उन्हात त्यांना बाहेर सोडता येत नाही. मग जेवणं उरकायची, पडदे ओढायचे, हॉलमध्ये सतरंजी टाकायची आणि सिनेमा लावायचा, असा आमचा गेल्या काही वर्षांचा शिरस्ता आहे. एखादा सिनेमा आवडला की शेवटची नावं पडद्यावरून सरकत असतानाच प्रश्न येतो, "आत्या, याचा दुसरा भाग आहे?" बहुतेक वेळा असतोच. पूर्वी मी काही विचार न करता तो लावून द्यायचे. कधी दीड तास सोन्यासारखा जायचा, कधी अर्ध्यातच मुलं उठून पत्त्यांचा कॅट काढायची, आणि एका दुपारी सहा वर्षांची भाची हुंदके देत माझ्या मांडीवर येऊन बसली. त्या दुपारनंतर मी या पुढच्या भागांकडे नीट लक्ष द्यायला लागले.

बरेच सिनेमे बघून झाल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. जो पुढचा भाग पहिल्याहून मोठा, वेगवान आणि गजबजलेला व्हायला बघतो तो सहसा फसतो. पहिल्या भागात सांगायची राहून गेलेली गोष्ट जो शोधून काढतो, त्याला पहिल्याची सर येते, आणि क्वचित तो त्याच्याही पुढे जातो. हे आधीच ओळखता येतं. मुलांबरोबर हे सिनेमे बघायला ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे, त्यांच्यासाठी ते कसं ओळखायचं हे लिहिते आहे.

पायरी १: पहिला भाग पुन्हा बघा आणि काय शिल्लक आहे ते शोधा

हे सगळ्यात महत्त्वाचं. पहिला भाग आपण पाच-सात वर्षांपूर्वी पाहिलेला असतो, त्यातली गाणी आणि दोन-चार गमती तेवढ्या लक्षात असतात. म्हणून तो पुन्हा लावा, शक्यतो मुलांबरोबरच. बघताना एकच गोष्ट डोक्यात ठेवा: यातलं कुठलं कोडं सुटलेलं नाही?

'श्रेक' (२००१) लग्नावर संपतो. हिरवा राक्षस आणि त्याची राजकन्या वरातीच्या गाडीतून निघून जातात. परीकथा इथेच थांबतात. पण या राजकन्येचे आईवडील एका राज्याचे राजाराणी आहेत आणि त्यांनी जावयाचं तोंडही पाहिलेलं नाही. 'श्रेक २' (२००४) नेमकं हेच उचलतो आणि जावयाला पहिल्यांदा सासुरवाडीला पाठवतो. जेवणाच्या टेबलावर सासरा आणि जावई एकमेकांना टोचून बोलताहेत, सासू सावरून घ्यायला बघते आहे, लेकीची दोघांच्या मध्ये कुचंबणा होते आहे. आपल्या घरांमध्ये हा प्रसंग कुणाला समजावून सांगावा लागत नाही. माझी वहिनी एरवी ॲनिमेशनच्या वाटेला जात नाही, पण तो प्रसंग तिने दोनदा मागे नेऊन पाहिला. हा भाग फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धा विभागात निवडला गेला होता, यात मला आश्चर्य वाटत नाही.

दुसरं उदाहरण मला याहून जवळचं आहे. 'कुंग फू पांडा' (२००८) बघताना प्रत्येक मूल एकदा तरी विचारतं, "पांडाचे बाबा हंस कसे?" त्या सिनेमात नूडल्सचं दुकान चालवणारा हंस हा पो नावाच्या पांडाचा बाप आहे, आणि यावर कुणी अवाक्षर काढत नाही. मोठ्यांना वाटतं, हा नुसता विनोद आहे. दुसऱ्या भागाने (२०११) हा विनोद गांभीर्याने घेतला. पोला कळतं की आपण दत्तक आहोत, आपल्या खऱ्या आईने आपल्याला वाचवण्यासाठी मुळ्यांच्या खोक्यात लपवून ठेवलं होतं आणि ती परत आली नाही. त्या आठवणी हाताने काढल्यासारख्या सपाट चित्रांत दाखवल्या आहेत, बाकीचा सिनेमा त्रिमितीय. आठवणीला वेगळा पोत असतो, हे त्या चित्रकारांनी किती नेमकं पकडलंय! शेवटी पो घरी येतो आणि मी तुमचाच मुलगा, असं त्या हंसालाच सांगतो. पहिला भाग मजेचा आहे, दुसरा मनात राहतो. घरात दत्तक मूल असेल तर हा सिनेमा जरूर बघा, पण आधी आपण एकट्याने बघा आणि मगच मुलाबरोबर बसा.

'द इन्क्रेडिबल्स'च्या (२००४) शेवटी तान्ह्या जॅक-जॅकच्या अंगात काय काय शक्ती आहेत हे आपल्याला कळलेलं असतं, आईबापांना नाही. ही ठेव चौदा वर्षं तशीच पडून होती. २०१८ च्या दुसऱ्या भागात आई कामाला बाहेर पडते, बाप घरी राहतो आणि रात्रीबेरात्री हे बाळ भिंतीतून आरपार जातं, पेट घेतं, एकाची अनेक होतं. खलनायकाची कथा मला तितकीशी पटली नाही, पण बाळाबरोबर जागून डोळे सुजलेला तो बाप मला फार खरा वाटतो.

आता उलट उदाहरण. 'फ्रोझन' (२०१३) संपतो तेव्हा काहीच उरलेलं नसतं. बहिणी एकत्र आल्या, दारं उघडली, बर्फाचं भय गेलं. दुसऱ्या भागाला (२०१९) म्हणून एक नवा प्रश्न तयार करावा लागला: थोरल्या एल्साला बर्फाची ही शक्ती मिळाली कुठून? पहिला भाग बघताना हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. जादू आहे, एवढं मुलांना पुरलं होतं. उत्तर द्यायचं म्हणून आजोबा, धरण, जंगल, चार तत्त्वं असा पसारा मांडावा लागला, आणि माझ्या भाच्याला मी दोनदा थांबवून कथा सांगितली तरी ती त्याच्या हाती लागली नाही. पाण्याच्या घोड्याचा प्रसंग मात्र डोळ्यांचं पारणं फेडतो. या भागाने पहिल्याहून जास्त कमाई केली. तेव्हा कमाईचे आकडे बघून निवड करू नका, त्यांचा इथे उपयोग नाही.

पायरी २: तो मुळात कशासाठी बनवला होता, हे बघा

एके काळी पुढच्या भागांचा एक वेगळाच कारखाना चालत होता. १९९४ मध्ये डिस्नेने 'अलादीन'चा दुसरा भाग थिएटरला न लावता थेट व्हिडिओ कॅसेटवर आणला. तो त्यांच्या टीव्ही विभागाने कमी खर्चात बनवला होता. जिनीला आवाज देणारे रॉबिन विल्यम्स त्यात नव्हते. ते तिसऱ्या भागासाठी, १९९६ मध्ये परत आले. कॅसेट विकल्या गेल्या आणि मग रांगच लागली: १९९८ मध्ये 'लायन किंग'चा दुसरा भाग, २००२ मध्ये चक्क १९५० च्या 'सिंड्रेला'चा. २००६ मध्ये डिस्नेने पिक्सार ही ॲनिमेशन कंपनी विकत घेतली, तिथली माणसं डिस्नेच्या ॲनिमेशनची सूत्रं हलवू लागली आणि ही पद्धत बंद करण्यात आली. पण ते सिनेमे आजही ओटीटीवर मूळ सिनेमांच्या शेजारी त्याच आकाराच्या चौकोनात दिसतात. मुलं नाव बघून बटण दाबतात. ओळखायचे कसे? लांबी बहुधा सत्तर मिनिटांच्या आसपास असते. मागची दृश्यं रिकामी, गर्दीत माणसं स्तब्ध, गाणी विसरण्याजोगी.

तरीही यातला एक सिनेमा मी मनापासून सुचवते. 'बॅम्बी' (१९४२) मध्ये आई मारली जाते आणि थोड्याच वेळात बॅम्बी मोठा झालेला दिसतो. मधले दिवस त्या पाडसाने कसे काढले? 'बॅम्बी २' चौसष्ट वर्षांनी, २००६ मध्ये तेवढीच फट भरायला आला. पाडस वाढवायचं कसं हे माहीत नसलेला अबोल बाप आणि आईच्या आठवणीत रमलेलं पोर, एवढाच विषय. मूळ सिनेमाच्या चित्रांची उंची त्याला नाही, पण ज्या जागी उभं राहायचं ती जागा त्याने बरोबर निवडली.

आता 'टॉय स्टोरी २' ची हकिकत ऐका, कारण ती या सगळ्या विषयाचं मर्म आहे. हाही सुरुवातीला थेट व्हिडिओवर आणण्यासाठीच घेतला होता. पुढे तो थिएटरला न्यायचं ठरलं. काम चालू असताना कुणाच्या तरी एका चुकीच्या आज्ञेने संगणकावरून बहुतांश सिनेमा पुसला गेला आणि राखून ठेवलेली प्रतही नीट निघाली नाही. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या एका सहकारी बाईंच्या घरच्या संगणकावर प्रत होती, म्हणून तो वाचला. आणि असा देवाच्या कृपेने वाचलेला सिनेमा पिक्सारच्या लोकांनी स्वतः पाहून, हा चांगला झालेला नाही, असं म्हणत बाजूला ठेवला! प्रदर्शनाची तारीख हलवणं शक्य नव्हतं. सुमारे नऊ महिन्यांत त्यांनी तो जवळपास पुन्हा घडवला. त्यात काम करणाऱ्यांचे हात, मनगटं दुखावली आणि अशी घाई पुन्हा करायची नाही, हा धडा त्या संस्थेने घेतला. पण १९९९ मध्ये जो सिनेमा आला त्यात पहिल्या भागाला (१९९५) न सुचलेला, खेळण्यांना पडलेला प्रश्न आहे: मूल मोठं होणारच आणि आपल्याला विसरणारच. मग त्याच्यावर जीव लावायचा, की संग्रहालयात काचेआड कायमचं शाबूत राहायचं? जेसी बाहुली आपल्या जुन्या मालकिणीची आठवण सांगते त्या गाण्याला मी आजही डोळे पुसते.

'मोआना २' (२०२४) चं उलट झालं. ती आधी ओटीटीसाठी मालिका म्हणून आखली होती, नंतर तिचा चित्रपट केला. हे माहीत नसलं तरी बघताना जाणवतं. होडीत नवे साथीदार येतात, प्रत्येकाची एक लकब दाखवली जाते, आणि त्या लकबीपलीकडे त्यांना काही मिळत नाही. मालिकेत कदाचित प्रत्येकाच्या वाट्याला एक भाग आला असता.

पायरी ३: नावं वाचा

ही दोन मिनिटांची पायरी आहे. पहिल्याचा दिग्दर्शक, लेखक, गाणी करणारे, यांतलं कोण परत आलंय? 'मोआना'चे (२०१६) दिग्दर्शक दुसऱ्यात नाहीत, आणि गाणी लिहिणारे लिन-मॅन्युएल मिरांडाही नाहीत. पहिल्याची गाणी मुलांच्या तोंडी अजून आहेत, दुसऱ्याची आमच्याकडे तरी कुणी गुणगुणत नाही.

मात्र दिग्दर्शक तोच असला की झालं, असंही नाही. 'कार्स' (२००६) आणि 'कार्स २' (२०११) दोन्ही जॉन लॅसेटर यांचे. दुसरा भाग ऑस्करच्या ॲनिमेशन विभागात नामांकनसुद्धा मिळवू शकला नाही. तो विभाग सुरू झाल्यापासून पिक्सारच्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडलं. मी आताशा बघते ते वेगळं: नवा दिग्दर्शक त्याच घरात वाढलेला आहे का? 'कुंग फू पांडा २' च्या जेनिफर यू नेल्सन पहिल्या भागात कथाविभागाच्या प्रमुख होत्या. 'टॉय स्टोरी ३' चे ली अंक्रिच पहिल्याचे संकलक आणि दुसऱ्याचे सहदिग्दर्शक. 'कार्स ३' चे ब्रायन फी आधीच्या दोन्ही भागांची चित्रफलकं (प्रसंगांची कच्ची चित्रं, स्टोरीबोर्ड) काढत होते. पात्रं या लोकांच्या हाडीमाशी खिळलेली असतात.

पायरी ४: गाडी कोण चालवतंय?

दुय्यम पात्र लोकप्रिय झालं की पुढच्या भागात त्याला नायक करायचा मोह होतो. 'कार्स २' मध्ये मेटर हा गंजका टो-ट्रक हेरगिरीच्या भानगडीत सापडतो. पहिल्या भागात तो गोड होता, कारण तो थोडा वेळ यायचा आणि जायचा. भाजीत हिंग चिमूटभरच घालतात.

मग 'फाइंडिंग डोरी' (२०१६) का जमला? 'फाइंडिंग नेमो'त (२००३) डोरी या मासोळीचा विसराळूपणा हसण्यासाठी होता. दुसऱ्या भागाने विचारलं, अशा विसराळू मुलीच्या आईवडिलांनी काय केलं असेल? ती हरवली तेव्हा? त्या दोघांनी काय केलं ते मी इथे सांगत नाही, पण शिंपल्यांच्या रांगा लक्षात ठेवा. गतिमंद किंवा विशेष गरजा असलेलं मूल ज्या घरात आहे, त्यांनी या सिनेमाबद्दल मला जे सांगितलं त्यानंतर मी तो पहिल्याच्या बरोबरीने ठेवते. म्हणजे दुय्यम पात्राला नायक करायला हरकत नाही, पण त्याच्या हसऱ्या बाजूमागे काहीतरी दुखरं असायला हवं. त्याच न्यायाने 'श्रेक'मधल्या बूटवाल्या बोक्याचा २०२२ चा सिनेमा ('पुस इन बूट्स: द लास्ट विश') उत्तम आहे: नऊ आयुष्यांपैकी आठ संपलेली आणि प्रथमच मरणाची भीती वाटू लागलेली.

नावापुरते पुढचे भागही असतात. आपल्याकडच्या 'हनुमान' (२००५) या व्ही. जी. सामंत यांच्या चित्रपटानंतर दोन वर्षांनी अनुराग कश्यप यांनी 'रिटर्न ऑफ हनुमान' केला. पहिला रामायणातला, तर दुसऱ्यात हनुमान आजच्या गावातल्या मारुती नावाच्या मुलाच्या रूपात जन्म घेतो. पुराणकथेचा पुढचा भाग सगळ्यांना आधीच ठाऊक असतो, म्हणून ही वाट काढली असावी. दोन वेगळे सिनेमे म्हणून ते बघा. पहिल्याची भक्ती दुसऱ्यात शोधायला गेलात तर मूल नाही, आजी नाराज होईल.

पायरी ५: मधल्या वर्षांचा हिशोब

दोन भागांमध्ये बाहेरच्या जगात किती वर्षं गेली आणि कथेत किती गेली, हे कागदावर मांडून बघा. 'टॉय स्टोरी ३' २०१० मध्ये आला, दुसऱ्यानंतर अकरा वर्षांनी. खेळण्यांचा मालक अँडी सतरा वर्षांचा झालाय, कॉलेजला निघालाय. १९९५ मध्ये सतरंजीवर बसून पहिला भाग पाहिलेली मुलं तोवर खरोखरच कॉलेजात होती. पहिल्या भागात अँडीला आवाज दिलेला मुलगा मोठा होऊन याही भागात अँडीचाच आवाज झाला. या सिनेमाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीही नामांकन मिळालं. ॲनिमेशनच्या वाट्याला ते क्वचितच येतं.

'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन' मध्येही वय वाढतं: पहिल्यात (२०१०) नायक हिकप पोरसवदा, दुसऱ्यात (२०१४) वीस वर्षांचा, तिसऱ्यात (२०१९) टोळीचा प्रमुख. 'इनसाइड आउट'ची रायली अकराची होती, दुसऱ्या भागात (२०२४) तेरा वर्षांची आहे आणि तिच्या डोक्यात चिंता, असूया, कंटाळा, संकोच अशी नवी मंडळी राहायला येतात. वय वाढलं की नवी गोष्ट आपोआप मिळते. ज्या मालिकांत कुणी मोठं होत नाही, त्यांना दर वेळी नवा खलनायक आणावा लागतो.

याचा व्यवहारात उपयोग असा, की सगळे भाग एका सुट्टीत संपवू नका. सहा वर्षांच्या मुलाला 'इनसाइड आउट' चालेल. दुसरा भाग त्याला दहा-अकरापर्यंत राखून ठेवा. तेव्हा तो त्याच्या कामाला येईल.

पायरी ६: भीतीच्या जागा आधी स्वतः बघा

त्या दुपारी भाची रडली ती 'टॉय स्टोरी ३' च्या शेवटाकडे. कचऱ्याच्या भट्टीकडे खेळणी सरकत जातात, वाट संपलेली असते, आणि ती एकमेकांचे हात धरून डोळे मिटतात. 'टॉय स्टोरी' म्हणजे लहानांचा, असं गृहीत धरून मी पुढचा भाग न पाहता लावला होता. ती चूक माझी. पुढचे भाग बहुधा पहिल्याहून गडद असतात, कारण बनवणाऱ्यांच्या मते त्यांचा प्रेक्षकही मोठा झालेला असतो. आपल्या घरातला मात्र आत्ता सहा वर्षांचा असतो.

'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन २' मध्ये हिकपचे वडील मरतात, आणि तेही त्याच्या लाडक्या ड्रॅगनकडून, दुसऱ्याच्या ताब्यात असताना. बूटवाल्या बोक्याच्या सिनेमातला शिट्टी वाजवत येणारा लांडगा आठ वर्षांखालच्यांना झोपेत दिसेल. 'इनसाइड आउट २' मध्ये रायलीला घाबरून श्वास लागतो तो प्रसंग ज्या मुलांना परीक्षेची धास्ती असते त्यांना जवळून लागेल. त्यांच्या शेजारी बसा.

एक सूचना आरोग्याची. 'इन्क्रेडिबल्स २' मध्ये झगमगत्या, लुकलुकणाऱ्या दिव्यांची दृश्यं आहेत. अमेरिकेत थिएटरांनी त्याबद्दल इशाऱ्याच्या पाट्या लावल्या होत्या. घरात कुणाला फिट येण्याचा त्रास असेल तर हा सिनेमा टाळा किंवा आधी डॉक्टरांना विचारा.

आपल्याकडे २०२४ पासून यूए प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ असे वयाचे टप्पे आले आहेत. थिएटरला जाताना ते पाहा, पण फक्त त्यावर विसंबू नका. आपलं पोर कशाला घाबरतं ते आपल्यालाच ठाऊक असतं.

पायरी ७: भाषा ठरवा आणि शक्यतो बदलू नका

पहिला भाग हिंदीत पाहिला असेल तर मुलांच्या कानात तो आवाज बसलेला असतो. 'द इन्क्रेडिबल्स' हिंदीत 'हम हैं लाजवाब' म्हणून आला तेव्हा वडिलांचा आवाज शाहरुख खान यांचा आणि मुलाचा आर्यन खान यांचा होता. दुसऱ्या भागात आईचा आवाज काजोल यांचा आहे. 'फ्रोझन २' च्या हिंदी आवृत्तीत दोघी बहिणींना प्रियांका आणि परिणीती चोप्रा यांनी आवाज दिले. आवाज बदलला की लहान मुलं पहिली दहा मिनिटं बिथरतात. ती दहा मिनिटं जाऊ द्या, लगेच बंद करू नका.

मराठीत पर्याय फार कमी मिळतात, म्हणून एक आवर्जून सांगते. 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' (२०२३) भारतात इंग्रजीसह दहा भाषांत आला, त्यांत मराठी होती. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेलं 'मुंबॅटन' नावाचं शहर आहे आणि पवित्र प्रभाकर हा तिथला स्पायडर-मॅन. पहिला भाग (२०१८) अप्रतिम होता आणि दुसरा चित्रकलेत त्याच्याही पुढे गेला आहे. फक्त तो अडीच तासांच्या जवळ जातो आणि ऐन मोक्यावर अर्धवट थांबतो. अर्धवट गोष्टीने चिडणारं मूल असेल तर तिसरा भाग येईपर्यंत धीर धरा.

पायरी ८: क्रम, आणि थांबायचं कुठे

प्रदर्शनाच्याच क्रमाने बघा. 'मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी' (२०१३) ही 'मॉन्स्टर्स, इंक.' च्या (२००१) आधीची कथा आहे म्हणून ती आधी लावू नका. माइक आणि सली हे दोन राक्षस पुढे जिवलग होणार हे माहीत असेल तरच कॉलेजातलं त्यांचं वैर गमतीचं वाटतं. शिवाय त्यात मुलांच्या सिनेमात सहसा न सांगितलेली एक गोष्ट आहे: मुलांना घाबरवण्याचं काम मिळावं म्हणून माइक जिवापाड अभ्यास करतो, आणि तरीही त्याचं स्वप्न पुरं होत नाही, कारण तो मुळात भीतीदायक नाहीच. मग तो दुसरं काम शोधतो. दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात हा सिनेमा घरात लावून बघा.

मधला भाग गाळायला घाबरू नका. 'कार्स' नंतर थेट 'कार्स ३' (२०१७) लावा, काहीही अडत नाही. पहिल्यात गुरूला आवाज देणारे पॉल न्यूमन २००८ मध्ये गेले. पहिल्या भागाच्या वेळी ध्वनिमुद्रित करून न वापरलेले त्यांचे शब्द तिसऱ्यात वापरले आहेत. वय झालेली शर्यतीची गाडी आता शिकवायला लागते, ही गोष्ट त्या आवाजामुळे खरी होते.

'टॉय स्टोरी' तिसऱ्यावर थांबवावी, असं माझं मत. चौथा भाग (२०१९) देखणा आहे, ऑस्करही मिळालं त्याला. पण तिसऱ्यात अँडी आपली खेळणी अंगणात बसून छोट्या बॉनीच्या हवाली करतो, एकेकाची ओळख करून देतो, आणि लाडक्या वुडी बाहुल्यापाशी अडखळतो, तेव्हा काही शिल्लक राहात नाही. माझा मोठा भाचा याबाबतीत माझ्याशी भांडतो. वुडीने स्वतःसाठी काही निवडायला नको का, असं त्याचं म्हणणं. त्याचंही खरं असेल. घरात यावरून भांडण झालं तर होऊ द्या.

सिनेमा संपला की टीव्ही लगेच बंद करू नका आणि पुढचाही लावू नका. मुलांना विचारा, "यात काय सांगायचं राहिलं?" आमच्याकडे ही सवय लागली ती 'माय नेबर टोटोरो'मुळे. हायाओ मियाझाकी यांच्या १९८८ च्या या सिनेमाला दुसरा भाग नाही. त्यातल्या, आजारी आईची वाट बघणाऱ्या धाकट्या मेईवर त्यांनी नंतर एक लघुपट केला, पण तो बघायला जपानलाच जावं लागतं, मिताका इथल्या घिबली संग्रहालयासारख्या ठिकाणी. मी हे सांगितलं तेव्हा भट्टीच्या प्रसंगाला रडलेली हीच भाची थोडा वेळ गप्प बसली. मग तिने वाणसामानाच्या यादीची वही मागितली आणि संध्याकाळपर्यंत पालथी पडून चित्रं काढत राहिली. तिच्या दुसऱ्या भागात सिनेमातली मांजराची बस घाट चढून आमच्या गल्लीत येते, आणि तिच्यातून मेईची आई उतरते, बरी होऊन.